आत्या नाईलवर जाते

भोपाळात क्रूझ होती. मोठ्या तलावात, बोट क्लबपाशी, गाणी लावून ती संध्याकाळी फेऱ्या मारायची. पण या तलावाचं पाणी शहर पितं. म्हणून 2023 साली हरित न्यायाधिकरणानं क्रूझ आणि मोटारबोटी बंद करायला सांगितल्या, आणि ते योग्यच झालं. मात्र आम्हा शिवाजी नगरवाल्यांची त्यामुळे पंचाईत अशी झाली की क्रूझ म्हटलं की आता एकदम इजिप्तच. मधलं काही उरलंच नाही.

आमच्या घरात नदी म्हणजे नर्मदा. सणावाराला गाडी काढायची, होशंगाबादला सेठानी घाटावर उतरायचं (कागदोपत्री ते 2022 पासून नर्मदापुरम आहे, आत्याच्या तोंडी नाही), पाण्याला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मगच पाण्यात पाय घालायचा. अशा घरातल्या माणसानं नदीवर जाऊन, तेल चोपडून, आरामखुर्चीत पालथं पडायचं म्हणजे जरा अवघडच. त्यातून आत्याची बसनं का होईना, परिक्रमा झालेली. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. तिनं बुकिंगवाल्या मुलाला पहिलाच प्रश्न केला, "नदी कुठल्या हाताला राहील?" तो बिचारा म्हणाला, "आंटी, खिडकी तुम्हाला नदीच्याच बाजूची देऊ." बोटीला दुसरी कुठली बाजू असते, हे मी त्याला विचारलं नाही.

तयारीत सहा नंबरच्या बाजारातून रतलामी सेव आली, चिवडा घरी झाला, लोणचं तीन पिशव्यांत गुंडाळलं गेलं. मीना प्रभूंचं 'इजिप्तायन' मी वाचायला काढलं. आत्यानं ते माझ्या आधी संपवलं आणि गाईडला तपासायची यादी करून ठेवली.

लक्सरला पहिल्याच सकाळी नियम मोडला. मंदिरं पूर्व तीरावर, राजांची थडगी पश्चिम तीरावर, त्यामुळे नदी ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सूर्य जिकडे मावळतो तिकडे मेलेल्यांची सोय, असा तो हिशेब. "ठीक केलंय," आत्या म्हणाली, आणि ओलांडण्याबद्दल नाईलची माफी मागून दोन रुपयांचं नाणं पाण्यात टाकलं. भारतीय चलन तिकडे चालतं का, हा प्रश्न तिला पडला नाही. नदीला कसलं आलंय चलन!

नाईल वाहते दक्षिणेकडून उत्तरेकडे, आणि वारा बहुतेक उत्तरेकडून. म्हणजे जाताना प्रवाहावर सोडून द्यायचं, येताना शीड उभारायचं. हजारो वर्षं त्या देशाची वाहतूक याच सोयीवर चालली. वल्लभ भवनात, म्हणजे आमच्या मंत्रालयात, फायली हलवण्यात आयुष्य गेलेल्या आत्याला ही गोष्ट फार आवडली. दोन्ही दिशांना आपोआप काही सरकताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

खरी गंमत एस्नाला. तिथे बंधारा आहे, आणि पाण्याची पातळी बदलते म्हणून बोटी लॉकमधून वर चढवतात. रांग लागते. रांग लागली की विक्रेते येतात, आणि तेही पाण्यातून. लहानशी होडी, तिच्यात दोन माणसं आणि कापडांचा ढीग. होडी दोरानं आमच्या अजस्र बोटीला बांधली, आणि एकानं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पायघोळ गलाबिया असा नेम धरून भिरकावला की तो चार मजले वर, पोहण्याच्या तलावाच्या कडेला, आत्याच्या पायाशी येऊन पडला. आवडला तर पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाकायचे, नाही तर गलाबिया परत फेकायचा. एवढ्या विश्वासावर चालणारा व्यापार न्यू मार्केटमध्ये एक दिवस टिकणार नाही.

"इंडिया? अमिताभ बच्चन!" खालून आरोळी आली. इजिप्तमध्ये ही आरोळी प्रत्येक भारतीयाला ऐकावी लागते आणि बहुतेक जण नुसते हसतात. आत्या कठड्यावरून वाकली. जया भादुरींचं माहेर भोपाळचं. तेव्हा अमिताभ आमच्या गावचा जावई, ही गोष्ट भोपाळात लहान पोरालाही ठाऊक असते. ती तिनं अस्सल भोपाली हिंदीत, चार मजले वरून, हातवारे करून खाली कळवली. "दामाद है हमारा! दामाद!" खालच्या माणसाला काय समजलं देव जाणे, पण त्यानं छातीवर हात ठेवला आणि तीनशे पौंडांचे दोनशे केले. आत्यानं गलाबिया परत फेकला. तो पुन्हा वर आला, दीडशेला. हे कापड इतक्या वेळा वरखाली झालं की लॉकचं दार उघडलं तरी सौदा पटेना. शेवटी शंभरला पटला.

एडफूला टांगे, धूळ आणि होरसचं देऊळ. देऊळ भव्य, टांगेवाले त्याहून वरचढ. पुढे कोम ओम्बोला मात्र आत्या रमली, कारण तिथला देव सोबेक, मगरीच्या तोंडाचा. शेजारच्या संग्रहालयात मगरींच्या ममी मांडल्यात. बाकीचे पर्यटक दचकत होते. नर्मदेचं वाहनच मगर, त्यामुळे आत्याला ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं. आदल्या रात्री खोली आवरणाऱ्या पोरानं पांढऱ्या टॉवेलची मगर करून, तिला आत्याचा चष्मा लावून पलंगावर बसवली होती. आत्यानं तिला नमस्कार केला, चष्मा काढून घेतला आणि टॉवेल मोडायचा नाही म्हणून अंग माझ्या टॉवेलला पुसलं. खऱ्या मगरी आता आस्वानच्या धरणाच्या वर, नासर सरोवरात.

त्याच सरोवराच्या काठावर अबू सिंबेल. पहाटेच्या अंधारात बस निघते. धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून रामसेसचं हे अख्खं देऊळ 1964 ते 1968 या काळात कापून, ठोकळे करून, सुमारे 65 मीटर वर नेऊन पुन्हा जुळवलं. युनेस्कोच्या हाकेला पन्नासेक देशांनी पैसे दिले. गाईड अभिमानानं सांगत होता. आत्यानं विचारलं, "आणि माणसं?" माणसं, म्हणजे सुमारे 50,000 नुबियन, आधीच हलवली होती, कोम ओम्बोच्या बाजूला, नदीपासून लांब, नव्या वस्त्यांत. आत्या पुढे काही बोलली नाही. 2004 साली नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाखाली हरसूद गाव गेलं तेव्हा तिच्या खात्यातल्या एकाचं घर त्यात होतं. त्याच्या घराचे ठोकळे करायला कुणी आलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये तिनं एकदम विषय काढला, "आपलं शिवाजी नगरही हलणारच होतं की." खरंच. 2016 साली स्मार्ट सिटी आमच्या इथे होणार होती. झाडांसाठी लोक रस्त्यावर आले आणि स्मार्ट सिटी तात्या टोपे नगरात गेली. म्हणजे शिवाजी वाचले, तात्या टोपे सापडले. आमचं आंबा-कडुनिंबाचं छत्र राहिलं, म्हणून दुपारी दोन वाजताही पाच नंबरच्या स्टॉपपर्यंत चालत जाता येतं.

घरी आल्यावर शेजारच्यांनी एकच विचारलं, "पिरॅमिड कसे होते?" पिरॅमिड कैरोजवळ, क्रूझच्या वाटेवर नाहीतच, हे ऐकून त्यांचा रस संपला. गलाबिया मात्र गाजला. आत्या तो घालून संध्याकाळी भाजी आणायला जाते आणि विचारलं की किंमत सांगते. गेल्या महिन्यात शंभर पौंड होती, परवा साठ झाली. पुढच्या हिवाळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू निघाल्यात. आत्यानं त्यांना बजावून ठेवलंय, "कापड आवडलं तरी आधी परत फेकायचं. आणि जावयाचं नाव आधी काढायचं नाही, त्यांनाच काढू द्यायचं."