ओळखीत कुणी असेल तर

नोकरी शोधणाऱ्यांना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. समजा, तुम्ही लिफ्टमध्ये शिरलात आणि आत एखाद्या बड्या कंपनीचे साहेब उभे आहेत. लिफ्ट वर पोचेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात आपण कोण, आपल्याला काय येतं, काय हवं, हे सारं त्यांच्या गळी उतरवायचं. मला दया येते ती त्या साहेबांचीच. बिचारे आपला मजला कधी येतो म्हणून लुकलुकत्या आकड्यांकडे बघत असतील, आणि कोपऱ्यातला तरुण आपलं अख्खं आयुष्य त्यांच्या अंगावर ओतत असेल. शिवाय अर्ध्या मिनिटात आपल्याकडची माणसं फार तर घसा खाकरतात. आपल्या ओळखींना जिना लागतो. 'तुम्ही मूळचे कुठले?' इथून चढण सुरू होते. समोरचा कुडाळ म्हणाला, की कुडाळात नेमके कुठे, मग तिथल्या डॉक्टरांचे कोण, त्यांची धाकटी मेहुणी आमच्या आतेभावाच्या घरात दिलेली, असं करत करत दोघं कुठल्याशा जुन्या लग्नाच्या मांडवात जाऊन एकमेकांना भेटतात. तिथे पोचल्यावर चेहऱ्यांवर जी तृप्ती पसरते, तिच्यात नोकरीचा विषय कुठेच नसतो. तो निघतो निरोपाच्या वेळी, चपला घालताना.

मुंबईचं गिरणगाव अशाच ओळखींवर वसलं. कोकणातून, घाटावरून निघालेला पोरगा वळकटी काखेत मारून थेट लालबाग-परळच्या चाळीत, गावच्या खोलीवर यायचा. खोली एक आणि माणसं डझनावारी. पहिल्या पाळीचा गडी उठला, की त्याच्या जागेवर रात्रपाळीचा आडवा व्हायचा. अंथरुणाची ऊबसुद्धा वारसाहक्काने मिळायची. गिरणीत शब्द टाकायला गावचाच एखादा जॉबर असायचा. भरती त्याच्या हाती, भांडणं मिटवणं त्याच्या हाती, अडीनडीचं कर्जही बहुधा त्याच्याचकडून; आणि कामावर लावल्याची दस्तुरी तो विसरायचा नाही. तेव्हा मी त्या दिवसांसाठी उसासे टाकणार नाही. आदर वाटतो तो खानावळवाल्या बायकांचा. पगार होईपर्यंत महिनाभर त्या उधारीवर ताटं वाढायच्या. प्रेमा पुरवांनी त्यांना १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, आणि मग बँकेचं कर्ज त्यांच्या दारापर्यंत आलं. अर्धं गिरणगाव उधारीवर जेवू घालणाऱ्या बायकांना स्वतः उधार मिळायला एवढा काळ जावा लागला, याला काय म्हणावं!

इतकं सगळं आपल्याकडे चालू असताना तिकडे अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचा तरुण समाजशास्त्रज्ञ नोकरी बदललेल्या लोकांना विचारत होता, की ही जागा तुम्हाला कळली कुणाकडून? त्यावर १९७३ साली त्याने लिहिलेला निबंध जगभर गाजला. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम सहातला एक जण त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत असे. बाकीच्यांना बातमी पुरवणारा अधूनमधून भेटणारा, नाहीतर क्वचितच दिसणारा निघाला. मित्राने सांगितलं का, असं विचारलं तर लोक त्याला दुरुस्त करीत: छे, मित्र कसला, नुसती ओळख! जिवलगांना आपल्याइतकंच ठाऊक असतं. नवी बातमी यायची ती पलीकडच्या गल्लीतूनच. एकंदरीत जिवलग हे नोकरी गेल्यावर जवळ बसायला, आणि नोकरी लावून देणार तो, ज्याचं आडनावही आपल्याला धड आठवत नाही.

अशी माणसं मुंबईत घाऊक मिळतात लोकलच्या डब्यात. आमच्या आठ-सतराला कुणी 'पोस्ट' होते, कुणी 'खिडकी', एक नुसतेच 'भाऊ'. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं बांधून पूजा व्हायची, तेव्हा वर्गणीच्या वहीतही हीच नावं. ऑफिसात माणूस सुखी आहे का, हे हल्ली हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांवर खूण करायला लावून मोजतात. मला वाटतं, निम्मं सुख माणूस तिथे पोचण्याआधीच, गुडघ्यांवर आडव्या धरलेल्या ब्रीफकेसवर पत्ते कुटताना मिळवून बसलेला असतो.

डब्यातल्या एका गृहस्थांची कंपनी बंद पडली. ही बातमी सगळ्यांना कळली. कशी, ते डब्यालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीच्या शर्टात, जेवणाचा डबा घेऊन हजर. रोज दादरला उतरायचे, पुढे दिवसभर कुठे बसायचे देव जाणे. कुणी विचारलं नाही. "आज फार गडबड आहे हो ऑफिसात," असं ते म्हणाले, की आम्ही गंभीरपणे माना डोलवायचो. ठाण्याला उठून त्यांना बसायला देण्याचा शिरस्ताही मोडला नाही. अशात एकदा 'पोस्ट' पानं पिसता पिसता म्हणाले, "आमच्या मेव्हण्याला गोदामाचा हिशेब ठेवायला माणूस हवाय. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर सांगा."

गृहस्थांनी हातातली पानं लावली. पुन्हा लावली. "बघतो विचारून."

सोमवारी ते आपणहून म्हणाले, "बोललो मी त्याच्याशी. तयार आहे तो."

"मग त्याला म्हणावं, बुधवारी दहाला ये. आणि दोन फोटो आण म्हणावं."

"कळवतो," गृहस्थ म्हणाले. "उतारी कुणाची?"