चोर सोडून संन्याशाशी करार

परदेशात आश्रय घेतलेल्या विरोधकाला तिथेही गाठून गप्प बसवण्याच्या सरकारी उद्योगाला सीमापार दडपशाही म्हणतात. लंडनला तिची ओळख जुनी आहे. बल्गेरियाचे निर्वासित लेखक गेऑर्गी मार्कोव्ह यांना सप्टेंबर 1978 मध्ये वॉटर्लू पुलाजवळ मांडीत काहीतरी टोचले आणि चार दिवसांत ते रायसिन विषाने गेले. खटला आजवर कोणावरही उभा राहिलेला नाही. ही कला आता स्वस्त झाली आहे. विषाऐवजी साधे टपालही चालते.

हाँगकाँगच्या माजी जिल्हा नगरसेविका कार्मेन लाउ यांच्यावर तिथल्या पोलिसांनी डिसेंबर 2024 मध्ये 10 लाख हाँगकाँग डॉलरचे इनाम लावले. पुढे इंग्लंडमधल्या त्यांच्या शेजाऱ्यांच्या दारात पत्रे पडली: बाईंची माहिती द्या किंवा त्यांना चिनी दूतावासात आणून सोडा, आणि इनाम घेऊन जा. टेम्स व्हॅली पोलिसांनी प्रकरण गांभीर्याने घेतले व एका सामंजस्य करारावर सही मागितली. पत्र टाकणाऱ्याची नव्हे, लाउबाईंची. धोका वाढेल असे काही करायचे नाही, सार्वजनिक मेळाव्यांना जाणे टाळायचे, असा मजकूर. हाँगकाँग ज्यासाठी 10 लाख मोजायला तयार होते, ते स्थानिक पोलिसांनी फुकटात करून देऊ केले.

पोलिसांचीही अडचण असते. काच फुटली नाही, डोके फुटले नाही. मायदेशी म्हाताऱ्या आईला चौकशीला बोलावले, या तक्रारीला अर्जात रकाना नाही. त्यात तक्रारदार अशा देशातून आलेला, जिथे शहाणा माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही.

ऑक्टोबर 2022 मध्ये मँचेस्टरच्या चिनी वाणिज्य दूतावासाने मात्र रकान्यात बसेल असा गुन्हा करून दाखवला. निदर्शकाला फाटकातून आत ओढून मारहाण झाली. एका पोलिसाने आत शिरून त्याला बाहेर काढले. केस ओढणे आपले कर्तव्यच होते, असे महावाणिज्यदूतांनी टीव्हीवर सांगितले. चौकशीची वेळ आली तेव्हा ते कर्तव्यदक्ष अधिकारी मायदेशी परतले होते.

अखेर 2025 मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केले, की दहशतवादविरोधी पोलीस देशातल्या सर्व 45 प्रादेशिक दलांना परकी सरकारांच्या कारवाया ओळखायचे प्रशिक्षण देतील. कोणत्या सरकारांच्या, हा नाजूक धडा आहे. कॅनडाने 2023 मध्ये भारताकडे बोट दाखवले, भारताने आरोप फेटाळला. शिष्य कोणताही असो, नकाशा पाहूनच उत्तर देतो.

कधी साधा वाहतुकीचा नियमही कामी येतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जुलै 2022 मध्ये इराणी पत्रकार मसीह अलिनेजाद यांच्या घराभोवती घुटमळणारा एक मोटारवाला पकडला गेला. स्टॉपच्या पाटीपाशी तो थांबला नाही, एवढ्यावरून न्यूयॉर्कच्या पोलिसांनी त्याला अडवले. गाडीत एके-47 धाटणीची भरलेली रायफल निघाली. या कटाचे दोन सूत्रधार 2025 मध्ये दोषी ठरले आणि प्रत्येकी 25 वर्षांसाठी तुरुंगात गेले.