सुपातून बोध पाखडण्याची रीत

घरातल्या भांड्याकुंड्यांतून ख्रिस्ती बोध काढू पाहणाऱ्या होतकरू उपदेशकाने आधी स्वयंपाकघरातून बाहेर पडावे. तिथे रेंगाळले की जी वस्तू दिसेल ती बोलू लागते. कुकरच्या तीन शिट्या झाल्या की त्रैक्य आठवते, मोबाइलचा चार्जर दिसला की प्रार्थना, आणि फ्रीजच्या दाराचे चुंबक पाहिले की देवाची ओढ. यांतले काहीच चुकीचे नाही. ऐकणारा मान डोलावतो आणि घरी जाऊन विसरतो. अशा बोधाची एक सोपी परीक्षा आहे. प्रवचनातला चार्जर काढून त्याच्या जागी गॅसचे सिलिंडर ठेवून पाहावे. ‘संपले की भरून घ्यावे लागते’ हा बोध जशाच्या तसा उभा राहिला, तर चार्जरने काहीच शिकवलेले नव्हते. तो नुसती खुंटी होता, आणि उपदेशकाने घरून आणलेला सदरा तिला टांगला होता.

तेव्हा अदलाबदल न होणारी वस्तू निवडावी, आणि शक्यतो आपल्यापेक्षा ऐकणाऱ्यांना जास्त कळते अशी. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात, म्हणजे ऐन धानाच्या मुलखात, ती शोधायला लांब जावे लागत नाही. रोवणीपासून पुंजण्यांपर्यंत सगळे आटोपून मळणी यंत्राने झाली, तरी शिजवायच्या तांदळाला सूप लागतेच. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान आपल्यामागून येणाऱ्याच्या हाती सूपच देतो: गहू कोठारात जाईल, भूस आगीत. इथवर सगळे उपदेशक सुखरूप पोहोचतात. पण सुपाची कामे दोन. पाखडताना मनगटाच्या झटक्याने दाणे उडतात, हलके ते उघड्या तोंडाने बाहेर पडते आणि भरलेला दाणा मागे येऊन बसतो. खड्याला हा झटका चालत नाही, कारण खडा दाण्याहून जड. त्यासाठी सूप तिरके धरून सावकाश घोळावे लागते. प्रवचनात पाखडणे हमखास येते, घोळणे सहसा येत नाही. पोकळ माणसे उडून जातील हे सांगायला सोपे आहे. मंडळीत पहिल्या बाकावर बसणारा वजनदार खडा कसा काढायचा, हे मात्र रोज तांदूळ निवडणारीच विचारील. पुढे ती आणखी एक अडचण काढील. उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांत धानाचे तूस बॉयलरखाली जाळतात आणि त्याच वाफेवर धान उकडते. मग जळले ते वाया कुठे गेले? शास्त्रातला अग्नी न विझणारा आहे, गिरणीतला पगारी. उपदेशकाने इथे घाईने उत्तर देऊ नये. वस्तू उलट बोलू लागली, म्हणजे निवड बरोबर झाली.

हा नियम मनाने काढलेला नाही. शुभवर्तमानातल्या घरगुती वस्तू सहसा कुणाच्या तरी हातात, काम चालू असताना भेटतात, आणि काहीतरी अडवून धरतात. दहांपैकी एक नाणे हरवलेली बाई दिवा लावते, घर झाडते, नाणे सापडल्यावर शेजारणींना बोलावते. त्यांच्या पाहुणचारात तेच नाणे खर्च झाले असेल का, हे लूक सांगत नाही. तीन मापे पिठात खमीर मिसळणारी बाई शंभरेक माणसांची भाकर करायला बसली आहे, तीही अशा समाजात, जिथे वल्हांडणाच्या सणाला खमीर घराबाहेर काढतात. देवाच्या राज्याला टाकाऊ ठरणारी वस्तू लावलेली ऐकून पहिले श्रोते चपापले असणार. आपल्याकडे खमिराऐवजी विरजण सुचवले जाते. ते समजायला सोपे आहे, पण विरजणाला कुणी कधी घराबाहेर काढलेले नाही, त्यामुळे चपापणे गेले आणि उरले दही. जात्याचेही तसेच. दोघी दळत असताना एक घेतली जाते, एक राहते. जात्याच्या खुंट्याला दोन हात लागतात, म्हणून मागे राहिलेलीचे एकटेपण कळते. मिक्सर पहिल्यापासूनच एकटीचा.

यावर कुणी म्हणेल, हे सगळे बाहेरून आलेले. पण इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले ते ओवीत. ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. गोंदिया त्याच मार्गावरचे स्टेशन. पुढे 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग आणि कीर्तनच हाती धरले. जनाबाईच्या जात्याशी आणि सावता माळ्याच्या मळ्याशी विठ्ठल कितीतरी आधी येऊन बसला होता. भांड्यांत देव पाहण्याचा मक्ता इथे कुणा एकाचा कधीच नव्हता, आणि कुणी नव्याने मागूही नये.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: घरगुती वस्तू निरागस असतात, त्यांना असे प्रश्न कशाला विचारायचे? लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त बाजारातली वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणारे वडील भेटतात. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही लक्ष्मीबाईंनी स्वतः 1900 पर्यंत बाप्तिस्मा घेतला नाही, आणि मधल्या काळात प्रश्न अडला तो ईश्वरशास्त्रावर कमी, कुणाच्या हातचे खावे-प्यावे यावर जास्त. जात त्यांनी आधी सोडली, बाप्तिस्मा नंतर घेतला. प्याला आतूनही स्वच्छ करा असे येशू परूशांना सांगतो. आपल्याकडे तोच प्याला लख्ख घासून दाराबाहेर वेगळा ठेवलेला असे, आणि पाण्यासाठी दलितांना 1927 साली महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. चकचकीत तांब्या दाखवून ‘शुद्ध अंतःकरण’ शिकवणाऱ्याने, तो तांब्या आजवर कुणाकुणाला मिळाला नाही, ही चौकशी आधी करून ठेवावी. श्रोत्यांत तिचे उत्तर ठाऊक असलेली माणसे असतातच.

एवढे नियम पाळले तर वस्तू उरणार किती, अशी कुरकुर संडेस्कूलच्या शिक्षकांकडून येईल. चार-पाच उरतील. सूप, झाडू, पायली, पाण्याचे भांडे यांवर एक वर्ष आरामात निघते. रिमोट आणि चार्जर यांना रविवारी सुट्टी द्यावी. प्रत्यक्ष धड्याच्या वेळी सूप उपदेशकाने स्वतः हलवू नये, पहिल्या झटक्यातच उघडे पडायला होते. मंडळीतल्या जाणत्या बाईच्या हाती द्यावे, ती काय करते ते पाहावे आणि टिपणे तिच्याप्रमाणे बदलावी. सूप मागून आणलेले असेल, तर उपासना संपताच परत पोहोचवावे. त्या घरी दुपारच्या भाताचे तांदूळ अजून निवडायचे असतात.