पाटीकडे बघू नका

मी एका मासिकात मुद्रितशोधन करतो. म्हणजे लोकांच्या वेलांट्या सरळ करून पोट भरतो. पण आमच्या नातलगांच्या मते जो अक्षरांजवळ बसतो त्याला लोगो यायलाच हवा. त्यामुळे घरगुती मेसपासून मोटार रिवाइंडिंगपर्यंत ज्याने ज्याने धंदा काढला, त्याने आपलं कार्ड माझ्या नाकासमोर धरून "कसं वाटतंय?" असं विचारलेलं आहे. या प्रश्नाला 'छान' याखेरीज उत्तर नसतं. कारण तो विचारला जातो तेव्हा हजार कार्डं छापून झालेली असतात.

या सेवेतून मला एक गोष्ट कळली. धंद्याची ओळख बिघडली आहे हे दिसायला अवघड नसतं. गिऱ्हाइकाला दिसतं, समोरच्या दुकानदाराला दिसतं, रिक्षावाल्याला तर लांबूनच दिसतं. दिसत नाही ते फक्त मालकाला. तो पाटीच्या खाली, तिच्याकडे पाठ करून गल्ल्यावर बसलेला असतो. ती पाटी न वाचलेला गावात तो एकटाच.

आमचे मामा सांगलीला भडंग विकतात. सांगलीत भडंगवाल्यांना तोटा नाही, आणि गाव गणपतीचं असल्यामुळे दुकानांना त्याची नावं देणाऱ्यांनाही नाही. मामांनी दोन्ही बाजूंनी गर्दीतच उडी घेतली. बाप्पाच्या सहस्र नावांतलं त्यांनी कुठलं उचललं ते सांगत नाही. त्या नावाची आणखी दुकानं त्याच पेठेत आहेत आणि मला सांगलीला येणं-जाणं ठेवायचं आहे.

भडंगाबद्दल बोलायचं कारण नाही. जाड चुरमुरा, सढळ शेंगदाणा, करकरीत लसूण, आणि तिखट असं की दुसरी मूठ भरताना पहिलीचा पश्चात्ताप होत नाही. प्रश्न पाटीचा होता.

पाटी दहा फूट बाय तीन फूट, फ्लेक्सची. वर मधोमध बाप्पा, उजवीकडे कुलदैवत, डावीकडे लंबगोलात आजोबा. त्याखाली दुकानाचं नाव, त्याखाली 'प्रो. प्रा.' करून मामांचं नाव, मग तीन मोबाइल नंबर, त्यातल्या एकाचं रिचार्ज संपून सिम दुसऱ्याच कुणाकडे गेलेलं. मग 'शुद्ध, स्वच्छ, सात्त्विक व स्वादिष्ट'. मग 'होलसेल व रिटेल'. मग 'लग्नकार्याच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील'. खाली डाव्या कोपऱ्यात 'आमची कोठेही शाखा नाही' आणि उजव्या कोपऱ्यात 'फ्रँचायझी देणे आहे'. उरलेल्या जागेत फ्लेक्सवाल्याने आपल्या मनाने एक बर्गर घातला होता. बर्गरशेजारी पांढरी टोपी घातलेला एक गोरा आचारी अंगठा दाखवत उभा होता. 'भडंग' हा शब्द सापडायला मला चष्मा पुसावा लागला.

"मामा, जरा मोकळी जागा सोडली असती तर?"

"फुकट मिळती काय मोकळी जागा? फ्लेक्सचा दर चौरस फुटाला असतोय. आजोबांना लागलेली जागा मोकळी सोडली तरी पैसं तेवढंच!"

यावर अर्थशास्त्रात उत्तर नाही.

पाटीवर सगळं असणं हे पहिलं लक्षण. दुसरं याहून गंभीर, म्हणजे प्रत्येक ठिकाणी नाव वेगळं. पाटीवर एक. पिशवीवर त्याच नावाआधी 'न्यू', कारण मधे एकदा रंगकाम झालं होतं. बिलबुकावर 'अँड सन्स', आणि मामांना दोन्ही मुलीच. आणि क्यूआर कोड स्कॅन केला की गिऱ्हाइकाच्या फोनवर उमटायचं थोरल्या जावयांच्या बंद पडलेल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं नाव. पैसे पाठवण्याआधी नाव तपासून घ्या, असं बँका लोकांना सारखं बजावतात. इथे गिऱ्हाइकाचा अंगठा हवेत थबकायचा. "हे तुमचंच ना?" मामा म्हणायचे, "टाका, टाका, घरचंच हाय." एवढं प्रामाणिक वाक्य इतकं संशयास्पद वाटलेलं मी दुसरं ऐकलं नाही.

तिसरं लक्षण लोगोचं. तो धाकट्या मामेबहिणीने फोनवरच्या अ‍ॅपमध्ये केला होता. हिरवं पान, पृथ्वीचा गोल आणि एक वळणदार रेघ. याच सामग्रीत गावातली एक पतसंस्था, एक नर्सरी आणि एक पॅथॉलॉजी लॅबही उभी आहे. फ्लेक्सवाल्याने विचारलं, "सीडीआर फाइल आहे का?" मामांनी कार्डाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. फोटोत कार्ड धरलेला मामांचा अंगठाही होता. दहा फुटी पाटीवर तो वीतभर छापून आला. गोऱ्या आचाऱ्याचा अंगठा वर, मामांचा आडवा. येणारे-जाणारे हे जाहिरातीतलं काहीतरी गहन समजत.

शुद्धलेखनाचं मी बोलत नाही, तो माझा पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण डीटीपीवाल्याकडची जुनी श्रीलिपीतली फाइल दुसऱ्या फाँटमध्ये उघडली की जोडाक्षरांच्या जागी कंस आणि टिंबं येतात, हे ठाऊक नसल्यामुळे मामांनी एका दिवाळीत जी पत्रकं वाटली, ती वाचायला पुरातत्त्व खात्याचाच माणूस हवा होता.

मामांना मात्र पाटीचा अभिमान, आणि त्यात भर सरकारने घातली. २०२२ साली कायदा बदलून राज्यातल्या लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही असं ठरलं. दारूच्या दुकानांना थोर व्यक्तींची आणि गडकिल्ल्यांची नावं लावायला बंदी झाली. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले, तर सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दोन महिन्यांत पाट्या लावा म्हणून सांगितलं. पेठेतल्या मोठमोठ्या शोरूमना शिड्या लागल्या. मामांची पाटी पहिल्यापासूनच मराठी. ते भेटेल त्याला सांगायचे, "सुप्रीम कोर्टानंसुद्धा आमच्या पाटीत चूक काढली नाही!"

मग एक दिवस बंगळूरहून फोन आला. तिथे स्थायिक झालेल्या एका जुन्या गिऱ्हाईक बाई सांगत होत्या, की भाऊ सांगलीला आला होता, त्याच्याकडून तुमचं भडंग मागवलं, पण या खेपेला चुरमुरा मऊ होता आणि लसूण कुठे दिसला नाही. मामा हबकले. त्यांनी माफी मागितली, मामींकडे रागाने बघितलं, पुढच्या खेपेला पाव किलो जास्त देण्याचं कबूल केलं. चौकशीअंती कळलं की भावाने भडंग समोरच्या दुकानातून नेलं होतं. बहिणीने त्याला 'बोळातलं भडंग' आण म्हणून सांगितलं होतं. तो बोळात शिरला, तिथे एकाच देवाच्या दोन पाट्या, दोन्ही तितक्याच भरगच्च. जिचा लाइट चालू होता तिथे तो गेला. दुसऱ्याच्या भडंगाची माफी मागणारा व्यापारी सांगलीच्या इतिहासात बहुधा हा पहिलाच.

हे चौथं लक्षण आणि शेवटचं. माल आवडलेलं माणूस जर दुसऱ्याला तुमचा पत्ता देऊ शकत नसेल, तर तुम्ही कष्ट करता आणि कमावतो समोरचा.

घरात बैठक बसली. थोरल्या जावयांनी 'द भडंग कंपनी' सुचवलं. पुण्याच्या एका ओळखीच्या जाहिरातवाल्याने पंचवीस पानांचं सादरीकरण पाठवलं, त्यात भडंगाचा फोटो एकविसाव्या पानावर होता. सहाव्या पानावर प्रश्न होता, 'आपल्या ब्रँडचा पर्पज काय?' मामा बराच वेळ विचार करून म्हणाले, "विकणे." शेवटच्या पानावरचा आकडा वाचल्यावर त्यांनी चहा सांगितला आणि विषय बदलला.

मी थोरामोठ्यांचे दाखले दिले. लिज्जत पापड १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केला. 'लिज्जत' हे नाव १९६२ मध्ये चक्क स्पर्धा घेऊन निवडलं आणि बक्षीस होतं पाच रुपये. पाच रुपयांत आलेलं नाव पंचवीस पानांत आलं असतंच असं नाही. पार्ले कंपनीच्या बिस्किटाचं नाव आधी 'पार्ले ग्लुको' होतं. ग्लुकोज बिस्किटं जो तो काढू लागला, तेव्हा १९८०च्या दशकात ते 'पार्ले-जी' झालं. म्हणजे एवढ्या मोठ्यांनासुद्धा 'आपलं कुठलं आणि शेजाऱ्याचं कुठलं' हे एकदा निस्तरावं लागलं.

पुढचा प्रश्न कायद्याचा होता. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार मालाचा गुण किंवा गाव सांगणारा नुसता शब्द सहसा कुणाला आपल्या नावावर करून मिळत नाही. 'स्वादिष्ट' सर्वांचं, 'सांगली' सर्वांची. देवाधर्माचीही तीच गत. 'रामायण' हे नाव उदबत्तीसाठी एकट्याला आंदण देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटलेलं आहे. मालाचे आणि सेवांचे पंचेचाळीस वर्ग असतात. चुरमुऱ्याचे पदार्थ तिसाव्यात, लोणचं एकोणतिसाव्यात. एका माणसाने एका वर्गासाठी ऑनलाइन अर्ज केला तर फी साडेचार हजार, नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. मामांनी लगेच हिशेब केला, "म्हणजे वर्षाला साडेचारशे. पाटीवरचा बर्गर याच्यापेक्षा महाग पडला की!"

मामी इतका वेळ लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "लोक ज्या नावानं विचारत येत्यात तेच लावा की. बोळातलं भडंग."

खोलीत शांतता पसरली. जावई म्हणाले, फार साधं आहे. मामा म्हणाले, बोळ कमीपणाचा वाटतो. मामी म्हणाल्या, "बोळात बसून दोन पोरींची लग्नं केली, तवा नाही वाटला कमीपणा." ठराव मंजूर.

मग मामांना सुधारणेचं वारं लागलं. पिवळी पिशवी काढून चंदेरी आणू, दोऱ्याऐवजी झिप लावू, भडंगाचा रंगसुद्धा जरा फिकट करू! मामींनी इथेही आडवा हात घातला. बंगळूरच्या बाईंनी भडंग तुमचं नाही हे चवीआधी कशावरून ओळखायला हवं होतं? पिवळ्या पिशवीवरून. भावाला पिशवीचा रंग सांगायचा राहिला एवढंच. लोकांच्या ओळखीचं झालेलं आहे त्याला हात लावायचा नाही, हे कळणं सुधारणेचा अर्धा भाग आहे. पुण्यात चितळे बंधूंनी २०१७ साली दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तरी एक ते चारचे विनोद अजून थांबलेले नाहीत. लोकांच्या तोंडात बसलेली ओळख मालकालाही सहजी बदलता येत नाही. मग बदलायची कशाला?

आता पाटीवर दोन शब्द आहेत आणि एक फोन नंबर. बाप्पा आणि आजोबा दुकानात गल्ल्यामागे हार घालून प्रशस्त बसले आहेत. पिशवीवर, बिलावर आणि फोनवर तेच दोन शब्द येतात. ट्रेडमार्कचा अर्ज गेला आहे, मंजुरी यायची आहे. विक्री दुपटीने वाढली वगैरे काही झालेलं नाही. समोरच्याच्या भडंगाबद्दल माफी मागणं मात्र बंद झालं.

तुमचं लहानसं दुकान, खानावळ, क्लास, शिलाईकाम काहीही असो, तज्ज्ञ बोलावण्याआधी तीन गोष्टी फुकट करून बघा. समोरच्या फुटपाथवर उभं राहून आपली पाटी एका दमात वाचा. दम लागला तर निम्मी पुसा. आपल्याच क्यूआरवर एक रुपया पाठवा आणि कुणाचं नाव येतं ते बघा. आणि फोनवर गिऱ्हाइकाला पत्ता सांगताना आपण काय म्हणतो ते कान देऊन ऐका. "पाटीकडे बघू नका, बाहेर निळी ताडपत्री दिसेल" असं तुम्हीच म्हणत असाल, तर निकाल लागलेला आहे. पाटी बदला. ती होईपर्यंत ताडपत्री मात्र काढू नका.