माशी शिंकली

आमच्या घराण्यात मासा दोनच ठिकाणी भेटतो. दशावतारात पहिल्या नंबरावर आणि राशींमध्ये शेवटच्या. मंडईतून घरी येताना चुकून मासळीबाजाराची गल्ली लागली, तर आम्ही गल्ली संपेपर्यंत श्वास घेत नाही. त्यामुळे बॉस्टनला पोचल्यावर चौथ्याच दिवशी जावई म्हणाले, "बाबा, शनिवारी मासे पकडायला जाऊ," तेव्हा मी मुलीकडे पाहिलं.

"अहो, तो सोडून देतो पकडलेले," ती म्हणाली.

आता जावई मूळचे मालवणचे. मालवणच्या माणसाने हातात आलेला मासा पाण्यात सोडायचा, म्हणजे पुणेकराने वाद जिंकत आलेला असताना "तुमचंही बरोबर आहे" म्हणण्यासारखं. पण माझ्यासारख्या आजन्म शाकाहारी माणसाला याहून सोवळा खेळ सापडणार कुठे? मी एक दिवसाचा परवाना काढला की हो!

न्यू हॅम्पशायरमधल्या व्हाइट माउंटन्सकडे जाताना गाडीत शिकवणी झाली. या प्रकारात गळाला गांडूळ लावत नाहीत, माशी लावतात. तीही खरी नाही. बारक्या गळावर कोंबड्याच्या मानेची पिसं, कसली तरी लव आणि दोरा गुंडाळून केलेली. जावयांनी डबी उघडून दाखवली. आत पन्नासेक माश्या ओळीने बसलेल्या. एकीच्या अंगाला चक्क मोरपिसाचे तंतू आणि कमरेला लाल रेशीम. तिचं नाव रॉयल कोचमन. शेजारची करडी, केसाळ माशी म्हणजे ॲडम्स. ती 1922 साली मिशिगनच्या लेन हॅलडे यांनी बांधली आणि ॲडम्स आडनावाच्या मित्राचं नाव तिला दिलं. ती कुठल्याच एका किड्यासारखी दिसत नाही, पण थोडी थोडी सगळ्यांसारखी दिसते. मी छत्तीस वर्षं बँकेत असली पत्रं लिहिली आहेत, म्हणून मी ॲडम्स घेतली. निवृत्त माणूस घरी बसून माश्या मारतो असं आपल्याकडे म्हणतात. इथले निवृत्त लोक माश्या बांधतात, एवढाच फरक.

कँकमॅगस रस्त्याच्या कडेने स्विफ्ट नदी वाहते. गुडघाभर पाणी, तळाचे गोटे मोजता यावेत इतकं नितळ, आणि जून महिना असूनही नळाखाली बर्फ ठेवल्यासारखं गार. इथल्या ब्रूक ट्राउट माशाला असंच पाणी लागतं. कोमट पाण्यात तो जगत नाही. मला रबरी विजार चढवण्यात आली. साडेसात फुटी काठी हातात आली.

"माशीला वजन नसतं बाबा. वजन दोरीला असतं. दोरी मागे पूर्ण उलगडू द्यायची, मग पुढे सोडायची. काठी घड्याळाच्या दहा ते दोनमध्येच हलली पाहिजे."

दहा ते दोन म्हणजे आमच्या बँकेची कॅशची वेळ. मला हे जमायलाच हवं होतं. पण मी ओव्हरटाइम करत होतो. दोरी मागे उलगडायची ती थेट झाडात. दोन माश्या स्प्रूसला, एक काठावरच्या झुडपाला वाहिली. चौथी माझ्याच टोपीत रुतली. गळाला उलटा काटा नव्हता, सहज निघाली असती, पण जावई म्हणाले, "राहू द्या, मुरलेले लोक अशीच खोचतात." मी लगेच मुरलेला चेहरा केला.

तेवढ्यात खऱ्या माश्या आल्या. काळ्या, बारीक, कानामागे शिरून रक्त काढणाऱ्या. इकडे माझ्या खोट्या माशीला मासा विचारत नव्हता आणि तिकडे खऱ्या माश्यांना माझ्यावाचून करमत नव्हतं. धीर द्यायचा म्हणून जावई म्हणाले, "ब्रूक ट्राउट भोळा असतो, कशालाही फसतो." यापेक्षा गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

शिवाय हा भोळा खरं तर ट्राउटही नाही. तो 'चार' या कुळातला. नुसतं नाव ट्राउटचं लावतो. मात्र या पूर्वेकडच्या डोंगरांत अस्सल भूमिपुत्र तोच. ब्राऊन ट्राउट युरोपातून आणलेला, रेनबो पश्चिमेकडून. पुढे यालाही लोकांनी पश्चिमेच्या डोंगरांतल्या तळ्यांत नेऊन सोडलं, तर तिथे यानेच मूळच्या कटथ्रोट ट्राउटची जागा बळकावली आणि तो उपरा ठरला. ग्रीन कार्डाच्या रांगेतले जावई हे सांगताना जरा हळू बोलत होते.

दुपारी एका तळ्यावर गेलो. दोन तास चढ. वाटेत तीनदा बसलो. वर पोचल्यावर कळलं की असल्या आडबाजूच्या तळ्यांत सरकारी खातं बोटाएवढी पिल्लं हेलिकॉप्टरने आणून सोडतं. म्हणजे मासे विमानाने आणि ज्येष्ठ नागरिक पायी.

काठावर उभा राहून मी कानामागची माशी हाणत होतो, आणि दोरी तशीच पाण्यात लोळत होती. काठीला हिसका बसला. मला वाटलं, पुन्हा झाडच. पण झाड पाण्यात नव्हतं.

"हात! आधी हात ओले करा!" जावई ओरडले. "कोरड्या हाताने शिवायचं नाही, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो."

ओल्याने शिवायचं! साठ वर्षांत आईचं सोवळं मला कळलं नव्हतं, ते इथे कळलं. मी दोन्ही हात तळ्यात बुडवले आणि त्याला धरलं. वीतभरही नव्हता. पाठीवर ऑलिव्ह रंगात वळवळत्या फिकट रेघा, बाजूला लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती निळं कडं. खालचे पर केशरी, त्यांना काळी रेघ आणि कडेला पांढराशुभ्र काठ, इस्त्रीच्या उपरण्यासारखा. त्याची तोंडाची उघडझाप चालू होती. मी नकळत "सॉरी" म्हणालो, तेही मराठीत, आणि ओंजळ सैल केली. गेला.

रात्री मालवणहून विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. लेकाने हौसेने फोटो दाखवला.

"केवढो गोड गे बाये! तळलंस?"

"सोडला, आई."

फोनमध्ये काही क्षण नुसता पंख्याचा आवाज.

"सोडलंस? कित्याक?"

जावयांनी फोन माझ्याकडे दिला. त्या शांततेत मी टोपी सारखी करून मुरलेला चेहरा पुढे केला आणि माशांचं रक्षण वगैरे सांगू लागलो. विहीणबाईंनी डोळे बारीक केले.

"ता ऱ्हवांदे व्याहीबुवा, तुमच्या टोपयेर माशी बसली हा. ती हाकला आधी."