आजार निवडा, पैसे भरा

भाद्रपद जवळ आला की मुंबई-ठाण्याच्या कचेऱ्यांमध्ये विषमज्वराची साथ येते. साथ मोठी शिस्तीची. ती विदर्भातल्या माणसाला शिवत नाही, खानदेशातल्याच्या वाटेला जात नाही. नेमकी रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या चाकरमान्यांना गाठते. हरतालिकेच्या आदल्या दुपारी अंग मोडून येतं, चतुर्थीला ताप चढतो आणि गौरी-गणपती पाण्यात गेले की दोन दिवसांत रोगी खडखडीत बरा होऊन, पिशवीत खाजं घेऊन कामावर रुजू होतो. वैद्यकशास्त्राने थक्क व्हावं अशी गोष्ट म्हणजे या तापाची चाहूल रोग्याला दोन महिने आधी लागते. पूर्वी तर चार महिने आधी लागायची. रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली, तेव्हापासून रोग अंगात मुरण्याचा काळही निम्म्यावर आला.

या लोकांना हसावं असं मला वाटत नाही. गणपतीसाठी आठ दिवस मागितले तर साहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो. टायफॉइडसाठी मागितले तर ‘काळजी घ्या हो’ म्हणतो. अशा वेळी शहाणा माणूस काय मागेल?

पण टायफॉइडला कागद लागतो. पूर्वी तो नाक्यावरच्या दवाखान्यात मिळायचा. सरकारी नोकरांच्या भाषेत याला ‘मेडिकल टाकणं’ म्हणतात. तिथले डॉक्टर ‘काय होतंय?’ विचारायचे नाहीत, ‘किती दिवस?’ विचारायचे. तरी पण त्यांना थोडी लाज असायची. शर्टावरूनच का होईना, छातीला नळी लावायचे, ‘जीभ दाखवा’ म्हणायचे, आणि मग कंपाउंडरला डोळ्याने खूण करायचे. कंपाउंडर एकाच बैठकीत दोन कागद द्यायचा. पहिल्यावर लिहिलेलं असे की हा गृहस्थ ५ तारखेपासून अंथरुणाला खिळला आहे. दुसऱ्यावर, की हा गृहस्थ १४ तारखेला कामावर जायला तंदुरुस्त आहे. दुसरा कागद नऊ दिवस पाकिटात घडी घालून ठेवायचा असे. कोणता रोगी कोणत्या तारखेला सकाळी दहा वाजता बरा होणार, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारे डॉक्टर पुढे कुठे गेले कोण जाणे.

ते ऑनलाइन गेले.

आता दवाखान्याची पायरी चढायला नको. मोबाइलवर पान उघडतं. ‘रजेचं सर्टिफिकेट’, ‘तंदुरुस्तीचं सर्टिफिकेट’, ‘घरून काम करण्यासाठीचं सर्टिफिकेट’, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या आजारासाठीही एक. तुम्ही आधी दिवस निवडायचे, मग तारखा, मग आजार. हा क्रम लक्षात घ्या. आजार शेवटी येतो, कारण तो दिवसांच्या मापाने शिवायचा असतो. दोन दिवसांसाठी पोट बिघडतं, पाच दिवसांना व्हायरल ताप लागतो, आठवडा ओलांडायचा तर पाठीच्या मणक्यांपर्यंत जावं लागतं. पाठ ही फार गुणी वस्तू आहे. ताप मोजता येतो, खोकला ऐकू येतो, पण पाठ दुखत नाही हे जगातल्या कुठल्याही यंत्राला सिद्ध करता आलेलं नाही.

मग काहीशे रुपये यूपीआयने जातात आणि डॉक्टरांचा फोन येतो. तो साधारण असा:

“काय त्रास आहे?”

“ताप आहे, डॉक्टर.”

“किती?”

“दोन दिवस झाले.”

“ताप किती?”

“अं... शंभर. एकशे एक.”

“खोकला आहे?”

“लिहावा लागेल का?”

“राहू दे. कंपनीचं नाव स्पेलिंगसकट पाठवा.”

झालं. अर्ध्या तासात पीडीएफ. लेटरहेड, नोंदणी क्रमांक, निळा शिक्का, सही, कोपऱ्यात क्यूआर कोड. आणि तळाशी ‘लवकर बरे व्हा’. ते कुणाला उद्देशून असतं ते मला अजून उमगलेलं नाही.

आता न्यायाची गोष्ट. फोनवरून डॉक्टरशी बोलणं ही वाईट चीज नाही. देश टाळेबंदीत गेला त्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि दवाखान्यात जाणंच धोक्याचं झालेल्या काळात त्यांनी माणसं सांभाळली. सरकारच्या ई-संजीवनीवर आजही फुकट सल्ला मिळतो. मेळघाटातल्या बाईला उपकेंद्रात बसून शहरातल्या डॉक्टरशी बोलता येत असेल तर त्या सोयीला नाक मुरडणारा माणूस कधी एसटीने दवाखान्यात गेलेला नसावा. त्या तत्त्वांत अटीही आहेत. डॉक्टर नोंदणीकृत हवा, नोंदणी क्रमांक दिसायला हवा, रोगी निनावी चालणार नाही, फोनवर भागत नसेल तर रोग्याला समोर बोलवावं. कृत्रिम बुद्धिमत्तेने औषध लिहून द्यायचं नाही, हेही २०२० मध्येच लिहून ठेवलं आहे. शहाणपणाने लिहिलेलं आहे सगळं. फक्त लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रोगी होते. गिऱ्हाईक नव्हतं.

त्याहून मजेशीर आहे ती जुनी आचारसंहिता. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांना जोडलेल्या परिशिष्टात रजेच्या प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे. त्यात वरती रोग्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. खाली डॉक्टरने लिहून द्यायचं की मी काळजीपूर्वक तपासणी केली असून प्रकृती सुधारण्यासाठी कामावरची गैरहजेरी नितांत आवश्यक आहे. डॉक्टरने अशा प्रमाणपत्रांची वेगळी नोंदवही ठेवायची, प्रत जपायची, आणि रोग्याची किमान एक ओळखखूण लिहायची. डाव्या भुवईवर तीळ, उजव्या कोपरावर जुना व्रण, असलं काहीतरी. फोनवर ओळखखूण काय लिहिणार? ‘नेटवर्क कमी’? ‘पाठीमागे प्रेशर कुकरच्या तीन शिट्ट्या’? खोटं किंवा दिशाभूल करणारं प्रमाणपत्र दिलं तर परिषदेच्या नोंदवहीतून डॉक्टरचं नाव काढता येतं, असंही हेच नियम सांगतात. हे वाचून घाबरावं अशी अपेक्षा आहे.

२ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांसाठी नवी, कडक नियमावली काढली. त्याच महिन्यात, तीन आठवड्यांनी, ती स्थगित झाली. नियमावलीच रजेवर गेली. तिला सर्टिफिकेट कुणी दिलं हे बाहेर आलं नाही, आणि रुजू होण्याची तारीखही कुणी सांगत नाही. तोवर २००२ ची म्हातारी पुन्हा कामावर आहे.

निवडणूक जाहीर झाली की आणखी एक साथ उसळते. ड्युटीचा आदेश हातात पडला की सुदृढ शिक्षकांना चक्कर येऊ लागते, कारकुनांचे गुडघे धरतात. पण इथे जिल्हाधिकारी पीडीएफवर समाधान मानत नाहीत. वैद्यकीय मंडळापुढे उभं करतात. जिल्हा रुग्णालयात जाऊन उभं राहायचं आहे असं नुसतं कळलं तरी कित्येकांना गुण येतो. इतका गुणकारी उपाय आयुर्वेदातही नसेल.

खाजगी कंपन्यांत मंडळ नसतं, एचआर असतो. लोक उगाच डॉक्टरला नावं ठेवतात, कामचुकारांना शिव्या घालतात. मी बोट दाखवतो ते या एचआरकडे. एका दिवसाच्या तापाला डॉक्टरचा कागद मागायचा, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याने हा सगळा बाजार मांडला. बाकीचे नुसते दुकानदार आणि गिऱ्हाईक. साधा ताप आला तर माणूस क्रोसिन घेऊन, मऊ भात खाऊन झोपतो. दुसऱ्या दिवशी घाम येतो, तिसऱ्या दिवशी बरा. यात डॉक्टरचं काम काय? त्याला फक्त कागदासाठी उठवून, रिक्षात घालून, इतर खोकणाऱ्यांच्या रांगेत बसवायचं. त्यापेक्षा त्याने फोनवरून विकत घेतला तर त्याचं चुकलं कुठे?

आणि एकदा कागद घ्यायचाच तर एका दिवसाचा कोण घेईल? भावात फारसा फरक नसेल तर सातचाच बरा. कामचुकारपणा रोखण्यासाठी केलेल्या नियमाने एका दिवसाचा ताप आठवडाभर लांबवला, हे एचआरच्या एक्सेल शीटमध्ये कुठल्या रकान्यात बसतं?

या कागदाची तपासणी मात्र कसून होते. नोंदणी क्रमांक आहे का, शिक्का स्पष्ट आहे का, तारखा जुळतात का, डॉक्टर एमबीबीएस आहे का. क्यूआर कोड स्कॅन करून पाहतात. सगळं तपासतात, माणूस सोडून. यातून एक चमत्कार घडला आहे. खरा आजारी माणूस बिचारा कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरकडे जातो. ते चिठ्ठीच्या मागच्या बाजूला ‘डेंगू, विश्रांती’ एवढंच लिहितात, तेही आपल्याला न वाचता येणाऱ्या लिपीत. तारीख विसरतात, शिक्का नातवाने कुठेतरी ठेवलेला असतो. हा कागद परत येतो. ‘कृपया योग्य नमुन्यात अपलोड करावे.’ प्लेटलेट घसरलेल्या माणसाने सलाइन लावलेल्या हाताने कागद पुन्हा अपलोड करायचा. आणि ज्याला काही झालेलं नाही त्याचा कागद निर्दोष, देखणा, पहिल्या फटक्यात मंजूर. कागदावर इतका निरोगी आजार खऱ्या रोग्याला जमणार कसा?

घरून काम सुरू झाल्यापासून तर आजारी पडण्याला जागाच राहिलेली नाही. ‘बरं नाही? अरेरे. मग आज येऊ नकोस, घरूनच कर. अकराच्या कॉलला नुसता ऐकत राहा.’ पूर्वी ताप आला की माणूस ऑफिसला मुकायचा. आता ऑफिस पांघरुणात शिरतं. शेवटी त्या पानावरच्या यादीतला सगळ्यात प्रामाणिक आजार म्हणजे ‘मानसिक ताण’. तो निवडणाऱ्याला खोटं बोलावंच लागत नाही.

याच माणसाच्या घरी सकाळी भांडीवाल्या मावशींचा फोन येतो. “ताई, अंगात कणकण हाय, आज नाय येत.” त्यावर ताई काय म्हणतात? “आजारी? काल तर चांगल्या होतात!” महिनाअखेरीला चार खाडे मोजून पैसे कापले जातात. मोजणारा हात तोच, ज्याने गेल्या आठवड्यात पीडीएफ मागवली. मावशींना कुठली वेबसाइट आजार देत नाही. त्यांना आजार परवडतही नाही. दहा मिनिटांत पॅरासिटामॉल घेऊन येणारा पोरगा स्वतः तापलेला आहे की नाही, हे दार अर्धवट उघडून पिशवी घेताना कुणी पाहत नाही. त्याच्या ॲपमध्ये सिक लीव्हचं बटण नाही. लॉग आऊटचं आहे.

ही सगळी कागदबाजी साहेबाने शिकवली, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. साहेब स्वतः मात्र सुधारला. ब्रिटनमध्ये आजारपणाच्या पहिल्या सात दिवसांसाठी डॉक्टरचा कागद लागत नाही. माणूस स्वतःच लिहून देतो की मी आजारी होतो. सात दिवसांच्या पुढे गेलं तरच डॉक्टरची चिठ्ठी, आणि तिलाही २०१० पासून ते ‘फिट नोट’ म्हणतात, म्हणजे काय जमणार नाही यापेक्षा काय जमेल ते लिहायचं. लंडनमध्ये नोकरी करणारा आपला पुण्याचा मुलगा तिकडे सहीनिशी ‘मला ताप होता’ म्हणतो आणि त्याच्यावर विश्वास बसतो. हाच मुलगा हिंजवडीत असता तर त्याला त्याच तापासाठी तीन शिक्के गोळा करावे लागले असते.

तेव्हा एचआरमधल्या ताई-दादांना हात जोडून सांगणं आहे. पहिल्या तीन दिवसांचा कागद मागू नका. जो फसवणार आहे तो काहीशे रुपये भरून फसवतोच आहे. तुम्ही फक्त त्याला पावती देता.

आणि वाचकहो, तुमच्यासाठी एक. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने तुम्हाला वर्षाला आठ दिवसांची भरपगारी नैमित्तिक रजा दिली आहे. ती दर तिमाहीला जमा होते, वर्षअखेर उरली तर बुडते, आणि तिच्यासाठी टायफॉइड लागत नाही.