सायकलस्वाराचा भारविचार

सायकलवरून अनेक दिवसांच्या प्रवासास निघणाऱ्याने सोबत काय घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता एका कागदावरील यादीचा वाटत असला, तरी त्यात गुरुत्वाकर्षणाइतकाच कौटुंबिक संबंधांचाही हात असल्यामुळे आणि या दोन्ही शक्ती एकाच वेळी खाली ओढणाऱ्या असल्यामुळे, त्याचा स्वतंत्र अभ्यास होणे आवश्यक आहे.

या विषयातील आद्यपुरुष टॉमस स्टीव्हन्स यांनी २२ एप्रिल १८८४ रोजी पुढचे चाक अवाढव्य आणि मागचे चिमुकले अशा तत्कालीन सायकलवरून सॅन फ्रान्सिस्को सोडले, तेव्हा त्यांच्यापाशी पायमोजे, एक जादा सदरा, रात्री तंबू आणि अंथरूण म्हणूनही वापरता येईल असा एक पावसाळी कोट आणि एक पिस्तूल एवढाच ऐवज होता, व तेवढ्यावर त्यांनी पुढे लाहोरपासून कलकत्त्यापर्यंतचा भारतही पार केला. याउलट, १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून जगप्रवासास निघालेले सहा पारशी तरुण बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सदस्य होते, आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगारा हे तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. वजन उचलण्याचा रीतसर सराव असलेल्यांनीच सायकलप्रवासास निघावे, हा संकेत तेव्हा पाळला गेला याची नोंद घेतली पाहिजे. पुढे तो शिथिल झाला.

आजचा प्रवासी पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर असा गणपतीपुळ्यापर्यंत जाणार असेल, तर त्याच्या सामानाची जुळवाजुळव किमान आठवडाभर चालते. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्यांना पॅनियर म्हणतात. त्या रिकाम्या असताना इतक्या प्रशस्त दिसतात की त्या भरल्याशिवाय निघणे हा त्यांचा अपमान वाटू लागतो. प्रारंभी त्यांत पंक्चरचे साहित्य, जादा ट्यूब, पंप आणि षट्कोनी चाव्या जातात, व हे योग्यच आहे. कारण अनेक आधुनिक सायकलींच्या ट्यूबला प्रेस्टा नावाचा बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असतो, आणि गावातील सायकल दुकानदाराचा पंप त्याला लागत नसल्याने तो दुकानदार प्रवाशाकडे सहानुभूतीने व सायकलकडे संशयाने पाहतो. त्यानंतर मातोश्रींचे आगमन होते. कोकणात गावोगावी खाणावळी असून तेथे उकडीचे मोदकही मिळतात, ही माहिती कितीही पुराव्यानिशी मांडली, तरी वाटेत काही मिळाले नाही तर काय, या प्रश्नापुढे ती टिकत नाही, आणि लाडूंचा डबा, चिवडा, मेतकूट व लोणच्याची बरणी पॅनियरच्या तळाशी विराजमान होते. बरणी गळेल या भीतीने तिला एका पिशवीत, ती पिशवी दुसरीत आणि दुसरी तिसरीत घातली जाते. गादीखाली वर्षानुवर्षे जपलेल्या पिशव्यांच्या संग्रहाचे सार्थक याच दिवशी होते, आणि भक्तनिवासाच्या सामायिक खोलीत पहाटे पाच वाजता टूथब्रश शोधताना त्यांचा जो आवाज होतो, त्यामुळे प्रवाशाची ओळख सर्वांना आपोआप होते.

येथे पदार्थविज्ञानाचा निर्वाळा अडचणीचा ठरतो. कोकणातून घाटमाथ्यावर परतताना पाच किलो जादा सामान सुमारे सहाशे मीटर उंच न्यायचे झाले, तर त्या वजनावर होणारे काम सुमारे सात किलोकॅलरी भरते, आणि स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोहोचतो हे धरले, तरी शरीराचा एकूण खर्च तीसच्या आसपास राहतो. म्हणजे अर्धी पोळीसुद्धा लागत नाही. चढावर धापा टाकणाऱ्या प्रवाशास हे गणित समजावून सांगू नये.

खरी अडचण वजनापेक्षा त्याच्या जागेची असते. पाठीवरच्या पिशवीने गुरुत्वमध्य वर जातो आणि खांदे व बैठक दोन्ही दुखतात. एकाच बाजूला भार पडला तर सायकल त्या बाजूच्या गटाराविषयी आस्था दाखवू लागते. पॅनियर फार पुढे बसवली तर प्रत्येक फेरीला टाच तिच्यावर आपटते, आणि कॅरिअरवर बांधलेल्या लवचिक दोरीचे, म्हणजे बंजीचे, सुटलेले टोक आऱ्यांत अडकले तर प्रवासाला अकस्मात विराम मिळतो. भार खाली असावा, दोन्हीकडे सारखा असावा आणि हलू नये, हे सूत्र प्रवासी परदेशी माहितीपुस्तिकेतून शिकतो; परंतु कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लोखंडी आकड्यांत कॅन अडकवून पहाटेच्या अंधारात खड्डे चुकवत जाणारा दूधवाला ते कोणत्याही पुस्तिकेविना जाणतो. त्याच्या शास्त्रात आणखी एक गोष्ट आहे, जी प्रवाशाला कधीच साधत नाही: त्याचा भार दारागणिक कमी होत जातो.

प्रवाशाच्या बाबतीत हा क्रम उलटा चालतो. बागमांडल्याहून वेश्वीला जाणाऱ्या फेरीबोटीत शेवाळलेल्या उतारावरून सायकल ढकलताना त्याला सामान निरर्थक वाटू लागते, आणि दाभोळची खाडी ओलांडून गुहागरला पोहोचेपर्यंत तो तीन टीशर्ट, एक जाड कादंबरी व न वापरलेली उशी पार्सलने घरी पाठवण्याचा निर्णय घेतो. या निर्णयाने पॅनियरमध्ये जी पोकळी निर्माण होते, ती कोकणी माणसाच्या नजरेतून सुटत नाही. एका घरी सोलांचे पुडके मिळते, दुसऱ्या घरी आंबापोळी, आणि मुंबईतल्या आत्याच्या नणंदेचे सासर जवळच्याच वाडीत असल्याचे तिसऱ्या घरी बोलता बोलता निष्पन्न झाले, की नकार देण्याचा अधिकार कायमचा संपतो. यजमान परसात जातात, झाडाकडे वर पाहतात, एका फणसावर बोटांनी टकटक करून तो परवापर्यंत पिकेल असे जाहीर करतात, आणि मग सायकलकडे वळून, हा बांधायचा कुठे, एवढेच विचारतात.